आपल्या शहरातल्या पोरांच्या शिक्षणाला पैसे द्यायचेत? रत्नागिरीत आम्ही कसं करतो, चुकांसकट सगळं

दहावीचा निकाल लागला की आमच्या बॅचच्या ग्रुपवर दरवर्षी एक मेसेज यायचाच, "अरे आपण शाळेसाठी, गावासाठी काहीतरी करूया ना." मग पंचवीस अंगठे, दहा जोडलेले हात, दोघांचं "मी तयार आहे", आणि गणपतीची तिकिटं काढायची वेळ आली की विषय गुल. पाच वर्षं हेच. सहाव्या वर्षी खरंच पैसे जमले आणि आम्ही अगदी उत्साहात चाळीस दप्तरं घेऊन शहरातल्या एका शाळेत गेलो. वाटप झालं, फोटो झाला, चहा झाला, आणि निघताना सहावीतला एक पोरगा मला म्हणाला, "काका, ही चौथी बॅग. दोन घरी आहेत, एक आजी बाजारात नेते." आजीच्या मासळीच्या पिशवीवर कुणाचा लोगो आहे ते मी विचारलं नाही.

तर हे सगळं ज्यांना "काहीतरी करूया" म्हणजे नक्की काय, कधी, कसं ते कळत नाही त्यांच्यासाठी लिहितोय. उदाहरणं रत्नागिरीची आहेत पण चिपळूण, मालवण, अलिबाग, वेंगुर्ला, कुठेही थोडंफार असंच असणार.

आधी एक गोष्ट डोक्यात फिट करा : पैसा कमी नाही, पैशाची वेळ चुकते

आपल्याकडे मुलं नापास होतात हा प्रॉब्लेमच नाहीये. २०२५ ला दहावीचा कोकण विभागाचा निकाल ९८.८२ टक्के लागला, राज्यात पहिला, आणि हे दरवर्षीचं आहे. त्यामुळे जून महिन्यात नुसते सत्कार. नारळ, शाल, पेन, ट्रॉफी. ज्या मुलीला ९१ टक्के पडले तिच्या घरी चार ट्रॉफ्या आणि हॉस्टेलचं डिपॉझिट भरायला पैसे नाहीत, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

का नाहीत, तर कॅलेंडर बघा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी. मिरकरवाडा, राजिवडा इथे बोटी वर ओढून प्लास्टिकखाली झाकलेल्या, खलाशी घरी बसलेला किंवा जाळी शिवतोय, घरात रोज येणारा पैसा शून्य. आंब्याच्या बागेत कामाला असलेल्यांचा सीझन मेमध्ये संपला, त्यात नेपाळी राखणदारांची कुटुंबंही आली, त्यांची पोरं आता इथल्याच शाळांत मराठी शिकतात. आणि कॉलेजची फी, डिपॉझिट, फॉर्म, पुस्तकं, रूमचं भाडं, सगळं नेमकं जून-जुलैत. मिरकरवाड्यातल्या एका वैनींनी आम्हाला सरळ सांगितलं, "भाऊ, पैसे आम्ही देऊ हो, पण ऑगस्टात. कॉलेज ऑगस्टापर्यंत थांबतंय काय?"

थांबत नाही. आम्ही पुढे जे काही बसवलं ते या एका वाक्यावर बसवलंय.

पायरी १ : महिनाभर फक्त विचारत फिरा, एक रुपया देऊ नका

मुख्याध्यापकांना भेटा पण तिथेच थांबू नका, कारण ते बिचारे तुम्हाला प्रोजेक्टर आणि पाण्याची टाकी सांगणार, त्यांची गरज तीच असते. वर्गशिक्षकांना विचारा. ज्युनिअर कॉलेजच्या ऑफिसातल्या क्लार्क मॅडमना विचारा, फीचा हप्ता कोण मागतं ते त्यांना माहीत असतं. शिपाई मामांना विचारा, डबा कोण आणत नाही हे फक्त त्यांनाच माहीत असतं. आयटीआय आणि पॉलिटेक्निकमध्ये जाऊन या, देणगीदार तिथे सहसा फिरकतच नाहीत. आणि महा ई-सेवा केंद्रात एक तास नुसते बसून बघा, अर्धे प्रश्न तिथेच कळतात.

प्रश्न एकच विचारायचा : गेल्या वर्षी कुणाचं शिक्षण थांबलं, आणि नेमकं कशामुळे? "गरिबीमुळे" हे उत्तर घेऊ नका, खोदून विचारा. आम्हाला मिळालेली उत्तरं अशी होती. हॉस्टेलचं डिपॉझिट वेळेत नाही झालं. कास्ट व्हॅलिडिटी (जातीचा दाखला खरा असल्याचं समितीचं प्रमाणपत्र) आली नाही म्हणून राखीव सीट गेली. संध्याकाळची एसटी चुकली की घरी जायला साधन नाही म्हणून मुलीचे प्रॅक्टिकल बुडतात. घरात फोन एकच आणि तो बाबांबरोबर बोटीवर, त्यामुळे कॅप राऊंडचा (सरकारी केंद्रीय ॲडमिशनच्या फेरीचा) मेसेज कुणी बघितलाच नाही. यातल्या एकाही गोष्टीला दप्तर हे उत्तर नाहीये.

पायरी २ : सरकार काय देतं ते पाठ करा

नाहीतर फुकट मिळणाऱ्या गोष्टीवर तुमचे पैसे जातील. मला माहीत असलेलं, रोज उपयोगी पडणारं सांगतो.

एसटीचा विद्यार्थी पास : ६६.६७ टक्के सवलत, म्हणजे एक तृतीयांशच भरायचं. गावातल्या मुलींना बारावीपर्यंत अहिल्यादेवी होळकर योजनेत पास फुकट. म्हणजे पावस, गोळपहून अकरावीला येणाऱ्या मुलीला पासचे पैसे देऊ नका, तिला पास काढायला मदत करा.

एनएमएमएस (केंद्र सरकारची गुणवत्ता शिष्यवृत्ती) : आठवीत परीक्षा, सरकारी आणि अनुदानित शाळांतली मुलं, पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. चार वर्षांचे ४८,००० झाले. आम्ही एका वर्षी फक्त या परीक्षेच्या तयारीची पुस्तकं आणि रविवारचा वर्ग, इतकंच केलं आणि माझ्या मते आमच्या पैशाचा सगळ्यात चांगला उपयोग तोच झाला. एका पुस्तकाच्या किमतीत चार वर्षांची सोय, यापेक्षा चांगला व्याजदर बँक देत नाही.

मुलींची फी : २०२४-२५ पासून व्यावसायिक कोर्सला कॅपमधून ॲडमिशन घेतलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणातल्या) आणि ओबीसी मुलींची, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. ऐकायला छान वाटतं, आहेही, पण यात राहणं-खाणं नाही. पोरगी इंजिनिअरिंगला लागली, फी शून्य, आणि मेसचे पैसे नाहीत म्हणून घरी परत, असं होऊ शकतं. तुमचा पैसा तिथे घाला.

बाकी शिष्यवृत्त्या सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर. पण पैसे खात्यावर येईपर्यंत बऱ्याचदा वर्ष सरत येतं, मधला काळ कुणीतरी काढून द्यावा लागतो.

आणि कागदपत्रं! उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला जुना होतो, एप्रिलमध्ये नवा काढायचा. डोमिसाईल, नॉन-क्रिमीलेअर, जातीचा दाखला, व्हॅलिडिटी. व्हॅलिडिटीचा अर्ज बारावीच्या निकालानंतर नाही, अकरावीतच टाकायचा. आम्ही जानेवारीत एका शनिवारी कागदपत्रांचा कॅम्प घेतो. एक लॅपटॉप, एक स्कॅनर, ई-सेवा केंद्रातला एक पोरगा, आणि आमच्यातला एक निवृत्त तलाठी, जो मुलांच्या आजोबांच्या दाखल्यातली स्पेलिंगची चूक लांबूनच ओळखतो. आडनाव एका कागदावर "मयेकर" आणि दुसऱ्यावर "मायेकर" असलं की ते दुरुस्त करण्यातच दोन महिने जातात. कॅम्पचा खर्च वडापावासकट अडीच-तीन हजार.

पायरी ३ : गणित मांडा, छोटं आणि दर महिन्याचं

एकदम मोठी देणगी गोळा करायच्या भानगडीत पडू नका. तीस जण, प्रत्येकी महिना ५०० रुपये, म्हणजे महिन्याला १५,००० आणि वर्षाला १,८०,०००. बँकेला स्टँडिंग इन्स्ट्रक्शन (दर महिन्याला पैसे आपोआप वळते करायची सूचना) लावून टाकायची, दर महिन्याला मागायला लागलं की मैत्री तुटते. आमचं वाटप असं : आठ मुलांना महिना १,८०० प्रमाणे दहा महिने, म्हणजे १,४४,०००. उरलेले ३६,००० जूनच्या आधी हातात रोख तयार ठेवायचे. ते डिपॉझिट आणि फॉर्मसाठी.

हे ३६,००० दान नाही, फिरते पैसे आहेत. सहा मुलांना ६,००० प्रमाणे जूनमध्ये द्यायचे, व्याज नाही, स्टँप पेपर नाही, आणि परतफेड ऑगस्टपासून मेपर्यंत ६०० चे दहा हप्ते. म्हणजे बोटी समुद्रात गेल्या की हप्ता सुरू आणि बंदी लागायच्या आत संपला. पहिल्या वर्षी आम्ही शहाणपणा करून हप्ते जूनपासूनच लावले होते, अर्थातच कुणीच भरले नाहीत आणि आम्ही उगाच लोकांना नावं ठेवली. महिना बदलला आणि पैसे यायला लागले. सगळेच येतात असं नाही, एखादा बुडतो, तो बुडाला समजायचं आणि त्या घरी जाऊन तमाशा करायचा नाही.

जी मुलं घेतली त्यांना कोर्स संपेपर्यंत धरायचं, हा दुसरा नियम. एक वर्ष देऊन पुढच्या वर्षी "आता नवीन मुलांना चान्स" असं केलं की जुना पोरगा सेकंड इयरला अडकतो. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे बाबासाहेबांचं मूळ गाव, १९१३ ला सयाजीराव गायकवाडांनी त्यांना अमेरिकेत शिकायला जी स्कॉलरशिप दिली ती महिना साडेअकरा पौंड आणि तीन वर्षांसाठी होती. ठरलेली रक्कम, ठरलेला काळ, दर महिन्याला. शंभर वर्षांपूर्वी कळत होतं हो हे.

आता ठेवींबद्दल बोलतो, कारण आपल्याकडे हौस फार. "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ ठेव, व्याजातून पहिल्या क्रमांकाला बक्षीस." समजा १९९० ला कुणी ५,००० ठेवले, तेव्हा दहा-अकरा टक्क्यांनी पाचशेच्या वर यायचे, पोराला घड्याळ मिळायचं. आज साडेसहा टक्क्यांनी ३२५ येतात. एका शाळेच्या बक्षीस समारंभात मी स्वतः ६५ रुपयांचं पाकीट दिलंय, वर आजोबांचं नाव, आणि पोरगी उघडून बघेल म्हणून मी स्टेजवरून लवकर उतरलो. ठेव ठेवायचीच असेल तर सगळं व्याज वाटू नका, तिसरा हिस्सा मुद्दलात परत टाका, आणि दहा वर्षांनी रक्कम व हेतू दोन्ही बदलायची मुभा संस्थेला लेखी द्या.

पायरी ४ : कागदावर नक्की कोण आहोत?

तीन रस्ते आहेत.

पहिला, काहीच रजिस्टर न करता दोघा-तिघांचं जॉइंट खातं. आपापसात काढलेले पैसे, दहा-पंधरा मुलं, इथपर्यंत ठीक चालतं. टॅक्समध्ये फायदा मात्र कुणालाच नाही. आणि लक्षात ठेवा, मित्रांनी आपसात काढणं वेगळं आणि पावतीपुस्तक घेऊन बाजारपेठेत फिरणं वेगळं. लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाची ४१ क ची परवानगी घ्या, गणपती मंडळं घेतात तीच.

दुसरा, गावातल्या चांगल्या चाललेल्या जुन्या संस्थेतून करायचं. आपल्याकडे संस्थांना तोटा नाही, नगर वाचनालय १८२८ पासूनचं आहे, गोगटे-जोगळेकर कॉलेज १९४५ चं. अशा ठिकाणी तुमचा निधी वेगळ्या हेडखाली ठेवायला सांगा, हेतू लेखी द्या, आणि वर्षातून एकदा हिशेबाचा कागद मागा. माझं मत विचाराल तर दहात आठ ग्रुपनी हाच रस्ता घ्यावा. नवीन ट्रस्ट काढायची खाज असते, नावाची पाटी लावायची असते, ते मला कळतं, पण ट्रस्ट म्हणजे दरवर्षीचं ऑडिट, मीटिंगा, आणि एक विश्वस्त बदलला तरी ९० दिवसांत बदल अर्ज. ते भरणारा माणूस गावात बसलेला पाहिजे, मुलुंडला नाही.

तिसरा, स्वतःची संस्था. सात जण मिळून १८६० च्या सोसायटी ॲक्टखाली सोसायटी करा आणि महाराष्ट्रात ती १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली पण नोंदवायची. त्यानंतर इन्कम टॅक्सची नोंदणी, लोक जिला १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला वजावट) म्हणतात ती. देणगीदाराला आधीच स्पष्ट सांगा : साधारणपणे देणगीच्या ५० टक्के रकमेची वजावट मिळते, तीही मर्यादेत, नवीन टॅक्स रेजिममध्ये नाहीच मिळत, आणि २,००० च्या वर रोख दिलेली चालत नाही. "शंभर टक्के टॅक्स फ्री" असं मोघम सांगितलं की मार्चमध्ये तुमचाच फोन वाजतो.

दुबई, कतार, मस्कतवाले आपल्याकडे घरटी एक. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस स्वतःच्या कमाईतून बँकेतून पैसे पाठवतो ते परदेशी देणगीत धरत नाहीत. पण ज्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं त्याचे पैसे घ्यायला संस्थेला एफसीआरए (परदेशी देणगी घ्यायची केंद्र सरकारची नोंदणी) लागतं. अमेरिकेतल्या बॅचमेटला "तू पासपोर्ट बदललास काय रे?" हे आधी विचारा, लाजू नका.

पायरी ५ : कुणाला द्यायचं

नुसत्या टक्क्यांवर नको. ९५ वाल्याला दहा जण उभे असतात, ६२ टक्के पडलेल्या आयटीआयच्या पोराला कुणी नाही, आणि वर्षा-दोन वर्षांत मिरजोळे एमआयडीसीत कामाला लागून घर तोच चालवणार असतो.

एक पानी फॉर्म, मराठीत. घरात कमावणारे किती, कोणत्या महिन्यात काम नसतं (हा कॉलम जरूर ठेवा), अडचण काय, किती पैसे, कधीपर्यंत. मग दोघांनी घरी जाऊन यायचं, त्यात एक बाई असलीच पाहिजे. घरी गेलं की टीव्ही केवढा आहे ते बघत बसू नका, तो हप्त्यावरचा असतो. अभ्यासाला जागा कुठे आहे आणि पोरगी किती वाजता उठून पाणी भरते ते विचारा. नातेवाईक, शेजारी, वाडीतला असेल तर त्या सभासदाने निवडीत बसायचं नाही. आमच्यात यावरून एकदा मोठं भांडण झालं, दोघं ग्रुप सोडून गेले, एक परत आला.

पायरी ६ : देताना

फी थेट कॉलेजच्या खात्यावर, मेसचे मेसवाल्याला, महिन्याचे मात्र मुलाच्या स्वतःच्या बँक खात्यावर, १ ते ५ तारखेच्या आत. आणि काय केलंस रे पैशाचं असा तास घेऊ नका. एकाने १,८०० मधले ३०० रुपये मित्राच्या बर्थडेला घातले म्हणून आमच्यातले एक काका पेटले होते. अठरा वर्षांचा पोरगा आहे तो, त्यालाही मित्र असतात.

जून-जुलैत निर्णय ४८ तासांत झाला पाहिजे. कॅप राऊंडमध्ये सीट लागली की ठरलेल्या तारखेच्या आत सीट ॲक्सेप्टन्सचे १,००० रुपये भरावे लागतात, मग कॉलेजला रिपोर्टिंग, तारीख गेली की सीट गेली. कमिटी रविवारी बसेल म्हणून एका पोराचा अर्ज आम्ही गुरुवारपासून ठेवला होता. शुक्रवारी संध्याकाळी मुदत संपली. कुणालाही दोष देण्यासारखं नव्हतं, आम्हीच होतो. पुढच्या वर्षीपासून तिघांना प्रत्येकी ६,००० पर्यंत फोनवरून मंजूर करायचा अधिकार दिला, कारण नंतर लिहायचं.

फोटो नाही. चेक हातात देताना नाही, घरी गेल्यावर नाही, व्हॉट्सॲप स्टेटसला तर नाहीच. शहर छोटं आहे, मारुती मंदिरला उभं राहिलं की अर्धा गाव भेटतो, आणि त्या मुलीला त्याच रस्त्यावरून कॉलेजला जायचंय.

पायरी ७ : कंपन्यांकडे कधी जायचं

लगेच नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यात ज्यांचा निव्वळ नफा ५ कोटींच्या वर आहे (किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा नेटवर्थ ५०० कोटी) त्यांनी तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सीएसआरला (म्हणजे समाजाच्या कामाला) द्यायचे, आणि शिक्षण त्या यादीत आहे. प्लँट जिथे आहे त्या भागाला प्राधान्य द्यायचं असतं, त्यामुळे स्थानिक लोकांचं ऐकून घेतात. पण बाहेरची संस्था असेल तर १२ए, ८०जी, सीएसआर-१ चा नंबर (सीएसआरचे पैसे घेण्यासाठी संस्थेची नोंदणी) आणि तीन वर्षांचं काम, एवढं लागतं. म्हणून पहिली तीन वर्षं स्वतःच्या पाचशे-पाचशेवर काढा आणि प्रत्येक मुलाची नोंद नीट ठेवा. मागताना "मदत करा" असं नको, "बंदीच्या दोन महिन्यांत इतक्या मुलांचं इतकं डिपॉझिट, दहा महिन्यांत परत" असं एक पान घेऊन जा. कंपन्यांना इमारतीवर पाटी लावायला आवडते, डिपॉझिटवर पाटी लागत नाही, त्यामुळे पाचात एक हो म्हणेल हे धरूनच चाला.

पायरी ८ : पैशाव्यतिरिक्त

प्रत्येक मुलामागे एक मोठा माणूस, महिन्यातून एक फोन. शक्यतो त्याच लाइनमधला. मुलगी नर्सिंगला असेल तर आमच्यातली सिव्हिलमधली सिस्टर, पोरगा शिरगावच्या मत्स्य कॉलेजला असेल तर तिथूनच शिकलेला कुणी. फोनवर अभ्यासाचं कमी आणि "लोकलमध्ये विरार फास्टला चढू नको" असलंच जास्त असतं, पण मुंबईला पहिल्यांदा गेलेल्या पोराला तेच लागतं. अठराच्या खालच्या मुलांना एकट्याने भेटायचं नाही, पालक किंवा शिक्षक बरोबर पाहिजे, हा नियम सगळ्यांना, कितीही जवळचा माणूस असो.

पैसे गोळा करायचा सीझन गणपती आणि शिमगा. चाकरमानी घरी असतात, मूड चांगला असतो, तेव्हा हिशेब छापून हातात द्यायचा आणि पुढच्या वर्षाचं स्टँडिंग इन्स्ट्रक्शन तिथल्या तिथे मोबाईलवर करून घ्यायचं. मुंबईला परत गेल्यावर कुणी फोन उचलत नाही. महर्षी कर्व्यांनी दापोलीजवळच्या मुरूडमध्ये गावासाठी फंड काढला होता तेव्हा ही सोय नव्हती, आपल्याकडे क्यूआर कोड आहे.

शेवटी खात्याचं

खातं रत्नागिरीतल्याच ब्रँचमध्ये, तीन सह्या, कुठल्याही दोन चालतील असं. आणि बँकेला मोबाईल नंबर कुणाचा दिलाय ते आत्ताच तपासा. आमचा खजिनदार नोकरीसाठी मस्कतला गेला, सिम भारतातलं, रोमिंग बंद, आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सगळे ओटीपी त्या बंद सिमवर. खात्यात पैसे आहेत, मुलं थांबलीत, आणि तीन आठवडे आम्ही सगळे आपापल्या खिशातून भरतोय. आता निधीचं वेगळं सिम आहे, साध्या बटणाच्या फोनमध्ये, तो फोन साळवी स्टॉपला एका मित्राच्या दुकानात गल्ल्याजवळ कायम चार्जिंगला असतो, आणि जूनमध्ये दुकान बंद करताना तो घरी घेऊन जातो.